मित्राकडची रेकॉर्ड

लालासाहेबांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. उघडे रेडिओ, पोट फाडलेले टेपरेकॉर्डर, वायरींची भेंडोळी... त्या पसाऱ्यातून वाट काढत संघमित्रा काउंटरपाशी पोचली, तर तिच्याआधी तिथं एक उंचापुरा मुलगा उभा. छातीशी काहीतरी चौकोनी, सपाट. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं. तान्हं मूल धरावं तसं त्यानं ते धरलं होतं.

"मामा, फक्त एकदा वाजवून बघायचीय."

"आरं बाबा, सन पंच्याण्णव चाललंय. रेकॉर्डी वाजवनारी मानसं संपली मिरजेतनं." लालासाहेबांनी मान वर केली, संघमित्रा दिसली, तसे ते हसले. "एक घर हाय तेवढं. ह्या बघा, आल्याच."

संघमित्रा सुई न्यायला आली होती. तिचे वडील, तात्या, रेल्वेत गार्ड. हौसेनं घेतलेल्या त्यांच्या रेकॉर्ड प्लेअरची सुई झिजली होती आणि भीमगीतांचा साठा कपाटात मुका पडला होता. लालासाहेबांनी कोल्हापुरातून कुठूनतरी नवी सुई पैदा केली होती.

सुई घ्यायची आणि निघायचं, एवढंच काम. पण ते फडकं... त्यात काय आहे हे न कळता तिला घरी जाववलं नसतं. लहानपणापासूनची खोड. शेजारी तार आली तरी दारात आधी हीच. आता ती मिरजेतल्या एका मोठ्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसायची, आणि नाव-गाव विचारता विचारता माणसाची निम्मी हकिकत काढून घ्यायची.

"कसली रेकॉर्ड आहे?" तिनं विचारलंच.

त्यानं फडकं उलगडलं. कव्हरवर विटांची जुनी इमारत, तिच्या दारापुढं पायऱ्या, पायऱ्यांवर बसलेली काळीसावळी पोरं. एकही हसत नव्हतं. वर रंगाच्या फवाऱ्यानं भिंतीवर लिहावं तशी फुगलेली, एकमेकांत घुसलेली अक्षरं.

"काय लिहिलंय?"

"मी 'किंग' वाचतो."

"मला तर 'रिंग' दिसतंय."

"मला भजी दिसत्यात," लालासाहेब म्हणाले.

तिघंही हसले. मग त्या मुलानं सांगितलं – तो सांगलीला इंजिनिअरिंगला, शेवटच्या वर्षाला. हॉस्टेलात शेजारच्या खोलीत टांझानियाचा जोसेफ होता. परत जाताना ही रेकॉर्ड देऊन गेला. अमेरिकेतल्या गल्लीतली पोरं आहेत म्हणाला, रॅप करणारी. "म्हनला, जपून ठेव. ही जुनी होत न्हाई."

"मग? काय म्हणतात त्यात?"

"कुणास ठाऊक. वर्ष झालं, ऐकलीच न्हाई."

"न ऐकताच सांभाळताय?"

"न ऐकता सांभाळायला जास्त मजा येते," तो म्हणाला, आणि लगेच त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

त्या लाल पाळ्यांकडे तिनं जरा जास्तच वेळ बघितलं.

"रविवारी या. रेल्वे क्वार्टर्समध्ये बनसोडे विचारा. तात्या घरी असतात," हे शेवटचं तिनं मुद्दाम ठासून सांगितलं.

"वीरधवल रणवरे," तो म्हणाला. "तुमचं नाव?"

"संघमित्रा. घरी मित्रा म्हणतात."

"हे बरंय की... ओळख व्हायच्या आधीच मित्र."

रस्त्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं – सुई काउंटरवरच राहिली होती.

रविवारी तो आला. केस पाणी लावून बसवलेले, हातात केळी. तात्यांनी नवी सुई बसवली, रेकॉर्ड फुंकर मारून ठेवली. आई – लीलाबाई – मेथी निवडत भिंतीला टेकून बसली होती. खरखर झाली... लांबून एक भोंगा, गाडीचं दार आपटल्याचा आवाज, मग ढोलासारखा ठेका. आणि एक पोरगा बोलायलाच लागला. गाणं नाही, आलाप नाही, पेटी नाही. नुसतं बोलणं – पण ठेक्यावर असं बसलेलं, की तसूभर इकडं नाही की तिकडं नाही.

तात्या अस्वस्थ झाले. "सुई अडकली गं. सारखं तेच तेच वाजतंय."

"अडकली न्हाई काका, तसंच असतंय त्यांचं. तोच तुकडा फिरवत्यात आणि त्यावर बोलत्यात."

"आरं पण हा भांडतोय कुनाशी?"

तात्यांनी सुई उचलायला हात पुढं केला, तशी लीलाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. भांडत न्हाई ते. आपल्या दारातलं सांगतंय कायतरी."

"तुला इंग्रजी कवापासनं कळाय लागलं?"

"इंग्रजी न्हाई कळत. सांगनं कळतंय."

संघमित्रा ऐकत होती, पण तिचं निम्मं लक्ष वीरधवलकडे. त्याच्या गुडघ्यावर त्याची बोटं ठेका धरत होती. डोळे मिटलेले. वर्षभर जपलेली गोष्ट पहिल्यांदा बोलायला लागली, की माणसाचा चेहरा असा होतो... तिला वाटलं, हे आपण बघायला नको होतं. पण बघितल्याशिवाय राहवलंही नाही.

मग रविवारामागून रविवार गेले. दर रविवारी तीच रेकॉर्ड, आणि दर वेळी तिच्यात काहीतरी नवं निघायचं. एकदा दुसऱ्या गाण्यात मागं कुत्रं भुंकताना सापडलं. एकदा खिडकीतून कुणी बाई कुणाला तरी हाक मारते ते ऐकू आलं – लीलाबाईंनीच ओळखलं, "आई बोलावतीय त्याची, जेवायला." शब्दही एकेक करून हाती लागत गेले. इमारतीची लिफ्ट बंद आहे. तो सहाव्या मजल्यावर राहतो. आई रात्रपाळीला जाते. एक मित्र होता, तो आता नाही. प्रत्येक गाण्यात तो स्वतःचं नाव सांगायचा, गल्ली सांगायचा, मजला सांगायचा. तात्या ड्यूटीवरून आले की स्वतःच म्हणायचे, "लावा तुमचं ते भांडन." आणि कपडे बदलता बदलता मान हलवायचे.

"थांब, तू बोलू नकोस, ते कुत्रं येईल आता," एकदा संघमित्रा म्हणाली. कुत्रं येऊन भुंकून गेलं. वीरधवल मात्र तिच्याकडेच बघत राहिला.

"काय?"

"तू म्हनलीस मला."

"म्हटलं असेल... चुकून."

"अशीच चुकत जा," तो हळूच म्हणाला.

एका शब्दानं मात्र दोघांना छळलं. स्टूप. घडीघडीला यायचा. डिक्शनरीत बघितलं तर वाकणे, पोक काढणे. "आम्ही दिवसभर पोकावर बसलोय, असं कसं म्हणेल?" संघमित्रा म्हणायची. "वझी उचलून पोक आलं आसंल बिचाऱ्याला," लीलाबाई म्हणायची. शब्द सुटेना. ती भाकरी थापताना तो पुटपुटायची, खिडकीवर बसल्या बसल्या पुटपुटायची. शेवटी दवाखान्यात काही दिवसांसाठी अमेरिकेहून आलेल्या एका नर्सबाईंना तिनं धीर करून विचारलं. बाई आधी चकित झाल्या, मग खळखळून हसल्या.

त्या दिवशी सुट्टी झाल्यावर संघमित्रा घरी गेलीच नाही. तिनं सांगलीची सिटी बस धरली. कारखान्याचा मळीचा वास खिडकीतून आत येत होता, रस्त्यावर उसाच्या बैलगाड्यांची रांग, आणि बस मुंगीच्या पावलांनी चाललेली. तिचा जीव वरखाली. कॉलेजच्या गेटपाशी वीरधवल मित्रांच्या घोळक्यात दिसला, तशी ती रस्त्याच्या पलीकडूनच ओरडली –

"पायऱ्या!"

सगळा घोळका वळला. तो धावत आला. "काय झालं? घरी सगळं बरं हाय न्हवं?"

"स्टूप म्हणजे पायऱ्या रे! घरापुढच्या! ते पोक काढून नाही बसलेत, दारापुढच्या पायऱ्यांवर बसलेत... कव्हरवर डोळ्यांसमोर आहेत आणि आपण पोक काय, वझं काय..."

त्याचं तोंड उघडंच राहिलं. मग तो असा हसला की रस्त्यानं जाणारे बघायला लागले. "हे सांगायला मिरजेहून आलीस?"

"रविवारपर्यंत कसं थांबणार?"

तो हसायचा थांबला. "न्हाईच थांबवत," म्हणाला. पण ते शब्दाबद्दल नव्हतं, हे दोघांनाही कळलं.

दोघं कृष्णेच्या घाटावर जाऊन बसले. पाणी संथ होतं, उन्हं उतरत होती. "आता आपण पण स्टूपवरच," वीरधवल म्हणाला. पायरीवर त्याचा हात टेकलेला, तिचाही. मध्ये बोटभर जागा. तेवढ्या जागेत केवढं काय काय होतं!

"मित्रा, मला एक..."

"काय?"

"...न्हाई. तुझी बस जाईल."

बस गेली असती तरी तिला चाललं असतं. पण हे तिनं सांगितलं नाही.

पुढच्याच आठवड्यात, खिडकीपुढची रांग सरकता सरकता, एक फेटेवाले आजोबा समोर आले. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला.

"नाव सांगा, आबा."

"मानसिंग बाळा रणवरे. फलटनकडचा हाय मी."

तिचं पेन थबकलं. तेच आडनाव, वीरधवल सांगायचा तोच तालुका... तीच नाकाची ठेवण. तिनं ओठांवरचं हसू कसंबसं आवरलं.

"सोबत कोण आहे?"

"नातू हाय. गाडीवाल्याला पैसं द्याया गेलाय. हितंच सांगलीला शिकतोय. तुमच्या मिरजंत त्येचा लय जिवाचा मित्र हाय बघा. बाप रेल्वेत हाय म्हनं. दर आयतवारी फोन करून इच्यारलं, कुटं हुतास रं, की म्हनतंय – मित्राकडं. सकाळ न्हाई, सांज न्हाई, मित्राकडं!" आबा कौतुकानं सांगत होते.

संघमित्राला आधी कळलंच नाही. मग कळलं – तो जिवाचा 'मित्र' म्हणजे तीच. आणि तेवढ्यात वीरधवल आला. दोघांची नजरानजर झाली. तो क्षण एवढासाच होता, पण त्यात तो काहीही बोलू शकला असता.

"झालं का... मॅडम?" तो म्हणाला.

तिनं केसपेपर सरकवला. "झालं. तीन नंबरला जा. पुढचे कोण?"

दुपारी तो तिला आवारातल्या चिंचेखाली गाठायला आला. अवेळीच आभाळ भरून आलं होतं, थेंब पडायला लागले होते. दोघांपैकी कुणीच आडोशाला गेलं नाही.

"रागावलीस?"

"मॅडम कशा रागावतील?"

"आबांपुढं एकदम काय सांगनार मी? आणि खोटं तर बोललो न्हाई. मित्राकडं जातो म्हनायचो. तुझंच नाव हाय ते."

दुसऱ्या कुठल्या वेळी ती हसली असती. "व्याकरणात बसतंय रे ते. माझ्यात नाही बसत."

"मित्रा..."

"ती रेकॉर्ड आपल्याला का आवडते, विचार केलास कधी? त्या पोराकडं मिरवण्यासारखं काय आहे? बंद लिफ्ट, अंधारा जिना. तरी तो नाव सांगतो, गल्ली सांगतो, आई कुठं जाते ते सांगतो. काही लपवत नाही. म्हणून पुन्हा पुन्हा ऐकावीशी वाटते. आणि तू... माझं नावसुद्धा अर्धंच सांगितलंस."

"तुला आमचं गाव म्हाईत न्हाई, मित्रा."

"मला?" ती अगदी हळू म्हणाली. "आम्हालाही गाव आहे वीरधवल. त्या गावात आमची घरं कुठल्या टोकाला आहेत, ते मला शिकवू नकोस."

 पावसानं त्याचा शर्ट खांद्यावर चिकटला होता. ती वळली आणि निघून गेली... मागं वळून बघायचं नाही, एवढंच स्वतःला बजावत.

घरी आल्यावर तिनं आईला सांगितलं, "ती रेकॉर्ड लालासाहेबांकडे ठेवून ये. तो नेईल तिथून."

लीलाबाईंनी तिच्याकडे बघितलं. "भांडलासा व्हय? तुमी भांडा. रेकॉर्ड मी देत न्हाई. मला आवडती."

रविवारी वीरधवल आला नाही. तात्यांनी स्वतःच रेकॉर्ड लावली. संघमित्रा स्वयंपाकघरात भांडी आपटत राहिली. ऐकायचंच नव्हतं तिला. पण तो पोरगा बोलायला लागला, कुत्रं भुंकलं, खिडकीतून त्याच्या आईनं हाक मारली – आणि आज तिला पहिल्यांदाच ऐकू आलं, की त्या हाकेनंतर पोरगा क्षणभर अडखळतो. एवढा धीट, पण त्याचाही श्वास थरथरतो, आणि मगच पुढचं वाक्य येतं. इतके रविवार ऐकूनही हे कसं निसटलं होतं? तिला हे कुणालातरी सांगायचं होतं. कुणाला, हेही तिला चांगलंच ठाऊक होतं. म्हणूनच तिला रडू आलं.

आबांचं ऑपरेशन झालं. घरी सोडायच्या दिवशी खिडकीपुढं ही गर्दी. संघमित्रानं मान वर केली, तर डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेले आबा, आणि त्यांचा हात धरून वीरधवल. रांगेच्या बाजूनं सरळ खिडकीशी आलेले.

"ओ, रांगेतनं या की," कुणीतरी ओरडलं.

"केसपेपर न्हाई काढायचा," वीरधवल म्हणाला.  "आबा, तुमी म्हनत होता न्हवं, जाताना मित्राची गाठ घालून दे. हीच ती."

आबांनी मोकळा डोळा बारीक केला. "ही तर चिट्ठीवाली पोरगी. मित्र म्हनला हुतास की रं."

"मित्रा, आबा. शेवटी काना हाय. तो काना मी खाल्ला."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. वीरधवलनं दोन्ही हातांनी खिडकीचा कठडा धरला, आणि एका दमात सुटला, "संघमित्रा लक्ष्मण बनसोडे. रेल्वे क्वार्टर्स, मिरज. वडील गार्ड हायेत. आई लीलाबाई, दर रविवारी मी त्यांच्या हातचं जेवतो. आपल्या घरी हे मी सांगितलं न्हाई, कारन मी भ्यालो. मला हिच्याशी लगीन करायचंय. हिनं हो म्हटलं तर. तिला अजून इच्यारलं न्हाई."

 संघमित्राच्या हातातला शिक्का हातातच राहिला.

"बनसोडे म्हंजी..." आबा म्हणाले.

"व्हय, आबा. तेच."

आबा कठड्याला धरून पुढं सरकले. मग त्यांनी तिलाच विचारलं, "पोरी, परवा ह्यो मॅडम म्हनला, तवा तू गप का बसलीस?"

"मी काय बोलणार आबा? नातू तुमचा. सांगायचं त्यानं होतं."

आबांनी मान डोलावली. नातवाकडे वळले. "घरात रान पेटंल. आजी तुजी जेवायची न्हाई, बाप बोलायचा न्हाई."

"ठाऊक हाय."

"आन मी रं?"

"तुमचं... तुमचं मला म्हाईत न्हाई, आबा."

"मला बी न्हाई अजून," आबा म्हणाले. "पर ह्या हिवाळ्यात तू कुनाच्या घरचं अन्न खाल्लंस, ते घर तरी बघू दे मला. चल."

दुपारच्या सुट्टीत तिघं क्वार्टरवर गेले. लीलाबाईंनी घाईघाईनं लुगड्याचा पदर सावरला, तात्यांनी खुर्ची पुसली. चहा झाला. कप आबांच्या पुढं आला, तेव्हा त्यांचा हात मध्येच थांबला.  तात्या जमिनीकडे बघत होते. किती वर्षांची सवय त्या हातात होती, कुणास ठाऊक... मग आबांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि भुरका मारला.

"साखर कमी हाय," ते म्हणाले.

लीलाबाई हसली. "मित्रा म्हनली, डागदरांनीच कमी सांगितलीय तुमाला."

"घरी मी बोलतो," आबा बशीकडे बघत म्हणाले. "आयकतील का न्हाई, सांगता येत न्हाई. पर बोलतो."

वीरधवलनं त्यांच्या पायाला हात लावला, तो त्यांनी झटकून टाकला. "उगं पाया पडू नगंस. आदी ती तुजी तबकडी दाव. हितं येऊन आयकायचास काय, ते तर कळू दे."

तात्यांनी रेकॉर्ड लावली. खरखर, भोंगा, ठेका... आणि तो पोरगा बोलायला लागला. आबा हिरव्या पट्टीसकट मान कलती करून ऐकत राहिले. वीरधवल दाराशी उभा होता, संघमित्रा खिडकीशी. तो तिच्याकडे बघत होता, डोळ्यांनीच विचारत होता; तोंडानं विचारायची हिंमत सगळी दवाखान्यातच संपली होती.

"आवाज गोड न्हाई," आबा म्हणाले, "पर पोरगं खरं बोलतंय. काय म्हनतंय गं, पोरी?"

संघमित्रानं आबांकडे बघितलं नाही.

"तो म्हणतोय – हो."

"हो?" वीरधवल गोंधळला. "असं कुठं म्हनतोय तो?"

"तो नाही," संघमित्रा म्हणाली, आणि आता तिच्याच कानाच्या पाळ्या तापल्या. "मी म्हणतेय."